स्वान्तःसुखाचे धनी : श्रीत्यागराज

तंजावर शहराच्या उत्तरेस सात-आठ मैलांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारू नावाचे क्षेत्र आहे. पाच नद्यांच्या सान्निध्यामुळे त्यास पंचनद असेही म्हणतात. तेथील शिवमंदिर प्राचीन व विस्तीर्ण आहे. परंतु भारतभरच्या संगीतोपासकांना हे गाव ठाऊक आहे ते तेथे राहिलेल्या एका गृहस्थामुळे. श्रीत्यागराज या गावातील एका साध्या घरात राहत, नित्य श्रीरामाची पूजा करीत आणि पूजा करता करता गात. ऐकावयास कोणी बसलेले असो वा नसो, त्यांचे गाणे चालूच असे.

आज दक्षिणेत असा गायक मिळणे कठीण, ज्याने त्यागराजांच्या दहा-वीस कृती कंठस्थ केलेल्या नाहीत. मैफलीत त्या गाइल्या जातात, मंदिरांत गाइल्या जातात, विवाहमंडपात सनईसारख्या नागस्वरमवर वाजतात. परंतु त्यांतील बहुतेक रचना मैफलीसाठी जन्मास आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कोणा राजाची आज्ञा नव्हती, धनिकाची बिदागी नव्हती, सभेची वाहवा तर नव्हतीच. गोस्वामी तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की, आपण ही रचना स्वतःच्या अंतःकरणाच्या सुखासाठी केली. त्यागराजांनी असे काही प्रास्ताविक लिहिले नाही. ते केवळ तसे जगले, आणि त्या जगण्याची जी किंमत पडते तीही त्यांनी भरली.

कोणी म्हणेल की ते तर रामासाठी गात होते, स्वतःसाठी कोठे? भक्ताच्या बाबतीत हा भेद फार काळ टिकत नाही. आपल्याच देव्हाऱ्यापुढे बसून जो गातो, त्याचा श्रोता त्याच्या हृदयाबाहेर नसतो. शिवाय त्यागराजांच्या कितीतरी कृती रामालाही उद्देशून नाहीत. त्या स्वतःच्या मनालाच उद्देशून आहेत. मनाला समजावणे, त्याची खरडपट्टी काढणे, त्याला वाट दाखविणे, असा तो एकांतातील संवाद आहे. समर्थांचे मनाचे श्लोक ज्यांच्या नित्यपाठात आहेत, त्या मराठी वाचकांस ही रीत मुळीच परकी वाटणार नाही.

त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला. हे गाव मोठे भाग्याचे. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती म्हणून ज्यांची नावे एकत्र घेतली जातात ते श्यामाशास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही थोड्या वर्षांच्या अंतराने याच गावी जन्मले. त्यागराजांचे काकर्ल घराणे मूळचे आंध्रातील. तमिळ देशात पिढ्या गेल्या तरी घरातील भाषा तेलुगूच राहिली होती. पित्याचे नाव रामब्रह्मम्, मातेचे सीताम्मा. तिरुवारूरच्या शिवाचे नाव त्यागराज. तेच मुलाला ठेवले गेले. शंकराचे नाव धारण करणारा हा पुरुष जन्मभर रामाचा होऊन राहिला, यात त्या देशात कोणालाही विसंगती दिसली नाही.

रामब्रह्मम् रामायणाचे निरूपण करीत. तंजावरच्या तुळजाराजांच्या आश्रयाने हे कुटुंब तिरुवैयारूस स्थायिक झाले, अशी परंपरा आहे. आईचा गळा गोड होता. कर्नाटकातील पुरंदरदासांची पदे आणि भद्राचलच्या रामदासांची कीर्तने मुलाच्या कानी पडली ती तिच्या तोंडून. गाण्याचा हा पहिला संस्कार घरकामाच्या धबडग्यातला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाणे म्हणजे कोणापुढे तरी सादर करावयाची वस्तू, ही कल्पना त्या मुलाच्या मनात प्रथम शिरलीच नसावी. लहानपणी सुचलेले पहिले गीत त्याने घराच्या भिंतीवर लिहून ठेवले होते आणि ते वडिलांच्या अकस्मात दृष्टीस पडले, अशी आख्यायिका आहे.

पुढे रामकृष्णानंद नावाच्या सत्पुरुषाकडून त्यांना राममंत्राचा उपदेश झाला. या मंत्राचा ९६ कोटी जप त्यांनी पुरा केला, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. रोज सव्वा लक्ष याप्रमाणे २१ वर्षे, असा त्याचा हिशेबही दिला जातो. दिवसाच्या तासांशी ताळा घालू जाता हा आकडा माणसाच्या जिव्हेस झेपणारा नाही. पण तो जपमाळेचा हिशेब म्हणून घ्यावयाचाच नाही. त्या माणसाच्या ओठांवरून नाम कधी उतरलेच नाही, एवढेच शिष्यांच्या पिढ्यांना त्यातून सांगावयाचे होते.

संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना सोंठी वेंकटरमणय्या यांजकडून मिळाले. हे तंजावर दरबारचे थोर गवई. देवपूजेसाठी फुले आणावयास निघालेला मुलगा त्यांच्या घराशी रेंगाळून गाणे ऐकत उभा राहत असे आणि त्याची ही ओढ पाहूनच वडिलांनी त्याला त्यांच्या हाती सोपविले, असे सांगतात. शिष्याची तयारी गुरूला अल्पावधीतच कळून आली. तरुण त्यागराजांचे गाणे ऐकून वेंकटरमणय्या भारावले आणि त्यांनी राजापाशी त्यांची स्तुती केली. ही शिफारस शिष्याच्या कल्याणासाठीच होती. तिच्यामुळे त्या घरावर केवढे संकट येणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

तंजावरचे राज्य त्या काळी भोसल्यांचे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी ते स्थापिले. तेथे मराठी ही दरबारची भाषा होती, मराठी कीर्तन होते, समर्थसंप्रदायाचे मठ होते. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसलेकुलाचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रचंड मराठी शिलालेख अद्याप उभा आहे. १७९८ साली गादीवर आलेले दुसरे सरफोजीराजे हे तर विद्येचे खरे रसिक. सरस्वती महाल ग्रंथालयाला आज जे वैभव आहे ते मुख्यतः त्यांनी केलेल्या संग्रहामुळे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर त्यांनी आपले सारे चित्त ग्रंथ, चित्रे, वैद्यक आणि संगीत यांत घातले. त्यांच्या दरबारात गवयांची, नर्तकांची, वाद्यकारांची दाटी असे. हे सांगण्याचे कारण असे की, त्यागराजांनी ज्याचा आश्रय नाकारला तो कोणी अडाणी, उन्मत्त सत्ताधीश नव्हता. तो गुणज्ञ होता, उदार होता, मानाने बोलावीत होता. मूर्खाचे आमंत्रण नाकारणे सोपे असते. खरी परीक्षा रसिकाच्या आमंत्रणाने होते.

दरबारातून बोलावणे आले, बरोबर द्रव्य व वस्त्रे आली. त्यागराजांनी ती परत पाठविली, अशी कथा आहे. कल्याणी रागातील त्यांची एक सुप्रसिद्ध कृती या प्रसंगाशी जोडली जाते. द्रव्यात अधिक सुख आहे की रामाच्या सन्निध राहून केलेल्या सेवेत, माणसाच्या स्तुतीत की ईश्वराच्या गायनात, असे प्रश्न त्या कृतीत ते आपल्या मनालाच विचारतात. राजाला पाठविलेले हे उत्तर नव्हे. राजाच्या दूताला काय सांगावयाचे ते आधी स्वतःशी ठरविण्यासाठी गायिलेले ते गाणे आहे. आणि म्हणूनच त्यात राजाविषयी तुच्छतेचा शब्दही नाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात फलाची आसक्ती टाकून कर्म करणाऱ्यास नित्यतृप्त आणि निराश्रय अशी दोन विशेषणे लावली आहेत. निराश्रय हा शब्द एरवी दीनवाणा वाटतो. गीता त्याचा गौरवाने उपयोग करते. ज्याची तृप्ती आतच आहे त्याला बाहेर टेकण्यासाठी खांब लागत नाही. राजाश्रयाला नकार देणाऱ्या या गायकाच्या चरित्रात ती दोन विशेषणे शेजारी शेजारी का बसली असावीत, हे उमगते.

आता पोटाचे काय? त्यागराजांनी उंछवृत्ती स्वीकारली. शेतात कापणीनंतर पडलेले दाणे वेचून राहणे हा या शब्दाचा मूळ अर्थ. दक्षिणेतील भागवतांमध्ये तिचे रूप असे की, गळ्यात तंबुरा, हाती चिपळ्या, पायांत घुंगुर घालून भजन गात गावातील रस्त्यांतून जावयाचे. कोणाच्या दारात थांबून मागावयाचे नाही. गृहस्थ पसाभर तांदूळ पात्रात घालतील तेवढा घेऊन घरी परतावयाचे आणि उद्यासाठी साठवावयाचे नाही. आपल्याकडील माधुकरीचीच ही गाती बहीण. घरी पत्नी, कन्या, शिवाय जेवावयास असलेले शिष्य. त्या तांदळावर हा सारा संसार चाले.

अशा घरात सर्वांचेच मन शांत राहील, ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यागराजांचे थोरले बंधू जपेश यांचे नाव चरित्रकथांतून नेहमी दुष्ट म्हणून येते. तथापि त्यांच्या बाजूने क्षणभर पाहावे. ज्या भावाचा गळा एका दिवसात घराचे दारिद्र्य घालवू शकतो, तो भाऊ दारी चालत आलेले सोने परत पाठवितो आणि पात्र घेऊन गल्लीत गात हिंडतो. तो कोणासाठी गातो, तर कोणासाठीच नाही! व्यवहारात राहणाऱ्या माणसाला याहून असह्य काय असेल? मत्सर असेल, लोभही असेल. पण त्या रागाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. जी कला घराला दोन घास देत नाही तिचा उपयोग काय, हा तो प्रश्न. तो जपेशांच्या आधीही विचारला गेला होता आणि पुढेही घरोघरी विचारला जाणार होता. त्यागराजांनी त्याचे उत्तर कधी युक्तिवादाने दिले नाही.

भावांची वाटणी झाली. तेवढ्यानेही राग शमला नाही. त्यागराजांच्या नित्यपूजेतील राममूर्तीच या वेडाचे मूळ आहे असे ठरवून जपेशांनी ती एके रात्री उचलली आणि कावेरीत टाकून दिली, असे परंपरा सांगते.

येथे या चरित्राचा कस लागतो. राजाचे सोने नाकारणे हा त्याग खरा. परंतु त्या वेळी हृदयातील धन शाबूत होते. आता ज्याच्यापुढे बसून गावयाचे तो एकमेव श्रोताच हिरावला गेला. देव्हारा रिकामा झाला. लौकिक दृष्टीने पाहता गाण्याचे आता एकही कारण उरले नव्हते. ना धन, ना सभा, ना समोर मूर्ती. त्यागराज नदीच्या काठाकाठाने, वाळवंटातून, गावोगाव मूर्ती शोधीत फिरले. आणि या सर्व दिवसांत ते गातच राहिले. रामाला आता कोठे शोधावे अशा आशयाची कर्नाटक बेहाग रागातील त्यांची कृती या काळातली मानली जाते. तिच्यात आनंद आहे असे म्हणता येणार नाही. ती व्याकुळ आहे. पण ती रचलेली आहे. राग निवडलेला आहे, यमके जुळविलेली आहेत, पल्लवी व चरण आपापल्या जागी बसविलेले आहेत. दुःखाने बेभान झालेला मनुष्य नुसता टाहो फोडतो. त्या टाहोला घाट देण्याची शक्ती ज्याच्या ठायी शिल्लक राहते, त्याचा आतला झरा आटलेला नसतो. पुढे नदीचे पाणी उतरल्यावर वाळूत मूर्ती सापडली. बिलहरी रागातील एक प्रफुल्ल कृती या पुनर्भेटीची म्हणून गाइली जाते. मूर्ती घेऊन ते घरी आले, पूजा पूर्ववत सुरू झाली. भावाविरुद्ध त्यांनी कोठे दाद मागितल्याचे कथेत नाही.

त्यागराजांच्या निर्मितीचा आनंद कशा प्रकारचा होता, हे त्यांच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहिल्यावाचून कळत नाही. कृती या गीतप्रकारात पल्लवी, अनुपल्लवी व चरण असे तीन भाग असतात. हिंदुस्थानी गायकाला स्थायी-अंतरा ओळखीचे आहेत, तसेच हे. त्यागराजांनी या प्रकारात संगतीची योजना परिपूर्णतेस नेली. संगती म्हणजे काय? एकच ओळ पहिल्याने अगदी साधी म्हणावयाची. मग तीच ओळ पुन्हा, पण एका स्वराला किंचित वळण देऊन. मग तिसऱ्यांदा ते वळण थोडे लांबवून. असे करीत करीत त्या ओळीच्या पोटात दडलेले सारे सौंदर्य पाकळी-पाकळीने उलगडावयाचे. शब्द तेच राहतात, अर्थ मात्र दर आवर्तनाला गहिरा होतो. ज्याला गाणे उरकून बिदागी घ्यावयाची आहे त्याला हे सुचणार नाही. एका ओळीपाशी इतका वेळ रेंगाळण्याला मनाची निवांतता लागते, आणि त्या ओळीवर जीव जडावा लागतो. लहान मूल नदीकाठचा एखादा गुळगुळीत गोटा हातात घेऊन तो निरनिराळ्या बाजूंनी उन्हात धरून पाहते. त्या पाहण्यात जी तल्लीनता असते, तिच्याशी या संगतींचे नाते आहे.

रागांच्या बाबतीतही तेच. सतराव्या शतकात तंजावरच्याच वेंकटमखी यांनी ७२ मेळांची व्यवस्था सांगितली होती. त्यांतील कित्येक मेळ पोथीतच पडून होते. त्यागराज या आडवाटांनी मनमुराद हिंडले. खरहरप्रिया रागाला आज कर्नाटक संगीतात जे मोठेपण आहे ते मुख्यतः त्यांच्या कृतींनी दिलेले आहे. असे कितीतरी विरळ राग आहेत की ज्यांची ओळख जगाला त्यागराजांच्या एकेका कृतीवरून झाली. ती कृती नसती तर तो राग कसा असतो हे सांगावयाला कोणी उरले नसते. प्रचलित रागांत गाऊन लोकांना रिझविणे सोपे होते. पण श्रोत्यांची पसंती हे ज्याचे मापच नाही, तो अनोळखी रागाच्या दारात शिरतो, कारण आत काय आहे ते त्याला स्वतःला पाहावयाचे असते.

याहूनही घरगुती अशा त्यांच्या रचना म्हणजे उत्सवसंप्रदाय कीर्तने. देवाला जागे करणे, स्नान घालणे, नैवेद्य दाखविणे, विडा देणे, झोपाळ्यावर बसवून झोके देणे, रात्री निजविणे, अशा एकेका उपचाराला एकेक गीत. आपल्याकडील काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतचा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. या गीतांत विद्वत्तेचा आव नाही. चाली सोप्या, शब्द थोडे. एवढा मोठा स्वरप्रभू, पण देवाला निजविताना तो आईसारखे साधे गातो.

तरी त्यांच्या गाण्यात नुसता गोडवाच आहे असे समजू नये. ते रामाशी भांडतात, त्याला टोचून बोलतात, इतका काळ हाका मारूनही तू का येत नाहीस म्हणून जाब विचारतात. आपल्या दारिद्र्याचा, स्वजनांच्या छळाचा, ढोंगी पंडितांचा, भावावाचून गाणाऱ्या गवयांचा उल्लेखही त्यांच्या कृतींतून येतो. नादोपासना हीच मुक्तीची वाट असे सांगणाऱ्या कृती त्यांनी अनेक केल्या. पण त्या वाटेवर काटे नाहीत असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. गाण्यातील सुख त्यांना दुःख टाळून मिळाले नव्हते.

कृतींखेरीज त्यांनी गेय नाटकेही रचली. प्रह्लादभक्तिविजयम् आणि नौकाचरित्रम् ही दोन उपलब्ध आहेत. नौकाचरित्रात यमुनेत नौकाविहार करणाऱ्या गोपींचा गर्व श्रीकृष्ण वादळ उठवून आणि नौकेला भोक पाडून कसा उतरवितो, ती लीला आहे. रामाच्या या अनन्य भक्ताला कृष्णाची अशी खट्याळ कथा रचण्यात मौज वाटली, हे विशेष.

आणि एवढी सारी निर्मिती त्यांनी जपून ठेवण्याची कसली व्यवस्था केली? जवळजवळ काहीच नाही. सुचेल तेव्हा ते गात. भोवतीचे शिष्य कानाने ग्रहण करीत आणि आपापल्या परीने टिपून घेत. गुरुदक्षिणेची अट नव्हती. शिष्य त्यांच्याच घरी राहत, त्यांच्याबरोबर उंछवृत्तीस जात. वालाजापेट, तिल्लैस्थानम् आणि उमयाळपुरम् येथील शिष्यांच्या तीन परंपरा प्रसिद्ध आहेत. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्र समाजातील; गुरूंच्या कृती उतरून ठेवण्याचे मोठे कार्य त्यांनी केले, आणि त्यांच्या घराण्यातील हस्तलिखिते मदुरेच्या सौराष्ट्र सभेत जतन केली गेली. निरनिराळ्या परंपरांत एकाच कृतीचे पाठ निरनिराळे आढळतात. त्यावरून आजही विद्वानांत वाद होतात. ज्याने गायिले त्याने कोणता पाठ प्रमाण हे सांगितलेच नाही. परंपरेने कृतींची संख्या २४,००० सांगितली जाते. वाल्मीकिरामायणाच्या श्लोकांइतकीच ती आहे हे उघड आहे. आज उपलब्ध आहेत त्या सुमारे ७००. बाकीच्या किती होत्या कोण जाणे. त्या ज्या दिवशी गाइल्या गेल्या त्या दिवशीच त्यांचे काम पुरे झाले होते.

प्रत्येक कृतीच्या शेवटी मात्र त्यागराज हे नाव येते. कीर्तीची अपेक्षा नसणाऱ्याने नाव तरी का घालावे, अशी शंका एखाद्याला येईल. नामा म्हणे, तुका म्हणे असे ज्यांनी अभंगाच्या शेवटी ऐकले आहे त्यांना तिचे उत्तर सांगावयास नको. ते नाव मालकीचे नसते; गाऱ्हाणे कोणाचे आहे एवढेच ते देवाला सांगते.

उतारवयात त्यांनी कांची, तिरुपती, श्रीरंगम्, लालगुडी अशी यात्रा केली. मद्रासजवळील कोवूर येथे सुंदरेश मुदलियार नावाच्या धनिकाने त्यांचा मोठा सत्कार केला. आपल्यावरही या थोर पुरुषाने एखादी कृती करावी अशी त्या यजमानाची इच्छा होती, असे सांगतात. त्यागराजांनी तेथे पाच कृती रचल्या, पण त्या गावच्या सुंदरेश्वर महादेवावर. यजमानाचे नाव आणि देवाचे नाव एकच होते. त्यातच काय समाधान मानावयाचे ते त्याने मानले असेल. त्रावणकोरचे स्वातितिरुनाळ महाराज स्वतः उत्तम वाग्गेयकार होते. त्यांनीही प्रख्यात वाद्यकार वडिवेलू यांच्याकरवी निमंत्रण पाठविले, अशी परंपरा आहे. वडिवेलूंचे वादन ऐकून त्यागराज प्रसन्न झाले. पण तिरुवैयारू सोडून गेले नाहीत.

देहत्यागाची वेळ जवळ आल्याचे त्यांना आधी कळले होते, असे शिष्य सांगत. अखेरीस त्यांनी संन्यास घेतला आणि ६ जानेवारी १८४७ रोजी, पौष वद्य पंचमीस, भजन चालू असताना देह ठेवला. कावेरीच्या तीरावर त्यांची समाधी झाली. कन्येचा एकुलता पुत्र निपुत्रिक निवर्तला, त्यामुळे वंश पुढे चालला नाही.

पन्नास-साठ वर्षांत त्या समाधीची दुर्दशा झाली. १९०३ च्या सुमारास उमयाळपुरम् परंपरेतील शिष्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, वार्षिक आराधना सुरू झाली आणि लवकरच आराधना करणाऱ्यांत तट पडले. स्वतःसाठी गाणाऱ्याच्या समाधीपुढे कोणी गावे यावरून भांडणे झाली! स्त्रियांना तर तेथे गाण्यास मज्जाव होता. बंगळूर नागरत्नम्मा या विख्यात गायिकेने आयुष्यभराची मिळकत या स्थानासाठी वेचली, जागा मिळविली, १९२० नंतरच्या दशकात समाधीवर मंदिर उभारले आणि स्त्रियांना बरोबर घेऊन तेथे आपली स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सारे पक्ष एकत्र आले. तेव्हापासून पंचमीच्या दिवशी लहानमोठे शेकडो कलावंत, स्त्री-पुरुष, समाधीसमोर जमिनीवर बसून नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. तेथे त्या दिवशी कोणी मुख्य गायक नसतो, बिदागी नसते. नागरत्नम्मा १९५२ साली वारल्या. त्यांचीही समाधी तेथेच, त्यागराजांच्या समोर आहे.